आपलाच संघ टीव्हीवर का दिसत नाही? बेसबॉलप्रेमींच्या नेहमीच्या अडचणी

मार्चअखेरीस अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम सुरू झाला की मंडळाच्या कार्यक्रमात, देवळाच्या पार्किंगमध्ये आणि व्हॉट्सॲपवर तेच ते प्रश्न ऐकू येतात. "वर्षाचे पैसे भरले, तरी यांकीजचाच सामना दिसत नाही, असं कसं?" "तिकीट एका किमतीला दिसलं, पैसे भलतेच कापले गेले." "पाऊस आला, सामना अर्धवट राहिला. पैसे परत मिळतील का?" आणि मे-जूनमध्ये हमखास येणारा प्रश्न: "आई-बाबा आलेत, त्यांना पायऱ्या झेपत नाहीत. न्यावं की नको?"

मी न्यू जर्सीत राहून बरीच वर्षं हा खेळ मनापासून पाहतो आहे. शाळेत सॉफ्टबॉल खेळलेल्यांना तो पटकन कळतो आणि क्रिकेटवर वाढलेल्यांना दोन सामन्यांत गोडी लागते. पण खेळाशी संबंध नसलेल्या कटकटींमुळे माणसं पहिल्या वर्षातच कंटाळतात, याचं मला वाईट वाटतं. यातल्या बहुतेक कटकटी पैसे भरण्याआधी दहा मिनिटं दिली तर टळतात.

पैसे भरूनही सामना दिसत नाही

सगळ्यांत जास्त मनस्ताप याचाच. मेजर लीगची एमएलबी टीव्ही ही सेवा मुळात संघापासून लांब राहणाऱ्यांसाठी आहे. प्रत्येक संघाला एक प्रदेश आखून दिलेला असतो आणि त्या प्रदेशात सामने दाखवायचे हक्क स्थानिक वाहिनीने विकत घेतलेले असतात. म्हणून तुम्ही त्या प्रदेशात असलात तर एमएलबी टीव्हीवर तोच संघ बंद. यालाच ब्लॅकआउट म्हणतात. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्याने वर्षाची वर्गणी भरली तर त्याला सिॲटल दिसेल, सॅन दिएगो दिसेल, पण यांकीज आणि मेट्स थेट दिसणार नाहीत.

आयोवा राज्याची तऱ्हा तर फारच अन्यायाची. तिथे मेजर लीगचा एकही संघ नाही, पण शिकागोचे दोन्ही, सेंट लुईस, कॅन्सस सिटी, मिनेसोटा आणि मिलवॉकी असे सहा संघ त्या राज्यावर हक्क सांगतात. भारतात कुणाचाच स्थानिक प्रदेश नाही. त्यामुळे न्यू यॉर्कचा संध्याकाळी 7:05 चा सामना पुण्यातले आजोबा पहाटे 4:35 ला उठून बघू शकतात आणि स्टेडियमपासून तासाभरावर राहणारा त्यांचा मुलगा तो बघू शकत नाही. हे मी मनचं सांगत नाही, अनेक घरांत असं होतं.

मग करायचं काय? या क्रमाने जा:

1. वर्गणी भरण्याआधी लीगच्या संकेतस्थळावर तुमचा झिप कोड टाकून कोणते संघ बंद आहेत ते पाहा. तुम्हाला हवा असलेला संघ त्यात असेल तर एमएलबी टीव्ही त्या संघासाठी घेऊ नका.
2. स्थानिक वाहिनी कोणती ते शोधा. यांकीजसाठी येस, मेट्ससाठी एसएनवाय, बॉस्टनसाठी एनईएसएन. यांपैकी काही वाहिन्या आता केबलशिवाय, थेट ॲपवर मिळतात. एनईएसएनने ते 2022 मध्येच सुरू केलं.
3. काही संघांचं प्रक्षेपण आता लीग स्वतः करते. बऱ्याच स्थानिक वाहिन्या चालवणारी डायमंड स्पोर्ट्स ही कंपनी मार्च 2023 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि 31 मे 2023 पासून सॅन दिएगो पॅड्रेजचे सामने लीगने हाती घेतले. त्यानंतर इतर संघही आले. अशा संघांच्या गावातल्या प्रेक्षकांना ब्लॅकआउटशिवाय थेट वर्गणी घेता येते. तुमचा संघ या यादीत आहे का, ते दर हंगामाआधी नव्याने तपासा, कारण यादी बदलते.
4. राष्ट्रीय सामने वेगळे मोजा. 2022 पासून शुक्रवारचे काही सामने फक्त ॲपलच्या सेवेवर असतात. ते ना स्थानिक वाहिनीवर दिसतात, ना एमएलबी टीव्हीवर. संघाच्या वेळापत्रकात प्रत्येक सामन्यापुढे वाहिनीचं नाव असतं. महिन्याच्या सुरुवातीला त्यावर एकदा नजर टाकली की ऐनवेळची धावपळ वाचते.
5. थांबायची तयारी असेल तर बंद असलेला सामना संपल्यावर साधारण दीड तासाने एमएलबी टीव्हीवर पूर्ण पाहता येतो. ॲपमध्ये धावसंख्या लपवण्याची सोय आहे, ती आधी चालू करा.

प्रवासाला जाल तेव्हा उलटं होतं हेही लक्षात असू द्या. डॅलसला गेलात तर तिथला संघ बंद होतो आणि घरचा उघडतो. व्हीपीएन वापरून जागा लपवण्याचा सल्ला मी देणार नाही. तो सेवेच्या अटींचा भंग आहे आणि खातं बंद झालं तर दाद मागता येत नाही. आणखी एक: या वर्गणीचं दर वर्षी आपोआप नूतनीकरण होतं. नको असेल तर हंगाम सुरू होण्याआधीच, फेब्रुवारीत, ती बंद करा.

या सगळ्यावर एक जुना उपाय आहे आणि तो मला मनापासून आवडतो: रेडिओ. आवाजी प्रक्षेपणाला स्थानिक ब्लॅकआउट लागत नाही. ॲपवर ते टीव्हीच्या तुलनेत अगदी थोड्या पैशांत मिळतं आणि गाडीत तर फुकट. न्यू यॉर्क परिसरात 660 एएमवर यांकीज लागतात. बेसबॉल हा रेडिओवर ऐकायचा खेळच आहे. चेंडू आणि चेंडू यांच्या मधल्या वेळात निवेदक मैदान उभं करतो: वारा कुठून वाहतोय, पिचर टोपी किती वेळा नीट करतोय, पहिल्या बेसवरचा धावपटू किती पुढे सरकलाय. ओट्याजवळ रेडिओ लावून पोळ्या लाटता लाटता संपूर्ण हंगाम ऐकणाऱ्या एक काकू मला माहीत आहेत. खेळाडूंची नावं, सवयी, दुखापती त्यांना जितक्या पाठ आहेत तितक्या टीव्हीसमोर बसणाऱ्यांना नाहीत.

तिकीट: दिसणारी किंमत आणि कापली जाणारी किंमत

आधी दिलासा. 12 मे 2025 पासून फेडरल ट्रेड कमिशनचा नियम लागू आहे. थेट कार्यक्रमाच्या तिकिटाची किंमत सगळ्या सक्तीच्या फीसकट, सुरुवातीलाच आणि ठळक दाखवावी लागते. शेवटच्या पानावर सर्व्हिस फी, प्रोसेसिंग फी असं काढता येत नाही. न्यू यॉर्क राज्यात 2022 पासून याहून कडक कायदा आहे: ईमेलने किंवा ॲपवर पाठवलेल्या तिकिटाला डिलिव्हरी फी लावता येत नाही आणि पुनर्विक्री करणाऱ्याला तिकिटाची मूळ किंमत सांगावी लागते. हे पाळलं जात नसेल तर पडद्याचे फोटो काढून कमिशनकडे आणि तुमच्या राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रार करा. दोन्ही तक्रारी ऑनलाइन होतात, वकील लागत नाही.

तिकिटांचे दर मागणीनुसार रोज हलतात. हंगामात प्रत्येक संघाचे 162 सामने, त्यांतले 81 घरच्या मैदानावर. म्हणजे शनिवार संध्याकाळचा, बॉस्टनविरुद्धचाच सामना हवा असा हट्ट नसेल तर एप्रिल किंवा सप्टेंबरमधल्या मंगळवारी त्याच खुर्चीला खूप कमी पैसे पडतात.

पुनर्विक्रीच्या तिकिटांत फसगत होते ती अशी:

- हातात नसलेलं तिकीट विकणं. काही विक्रेते आधी पैसे घेतात आणि मग तिकीट शोधतात. जाहिरातीत नेमकी रांग आणि जागा दिलेली नसेल तर घेऊ नका.
- फोटो किंवा पीडीएफ. मेजर लीगची तिकिटं आता बहुतेक सगळीकडे फोनवरच असतात. तिकीट तुमच्या खात्यात ट्रान्सफर झालं तरच ते तुमचं. स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका.
- पुढे ढकललेला सामना. बहुतेक पुनर्विक्री संकेतस्थळं सामना रद्द झाला तरच पैसे परत देतात. तारीख बदलली तर तिकीट नव्या तारखेला लागू होतं, आणि ती तारीख जमत नसेल तर तुम्हीच ते पुढे विकायचं.

पैसे नेहमी क्रेडिट कार्डाने द्या. कबूल केलेली वस्तू मिळाली नाही तर बिलावर हरकत घेण्याचा कायदेशीर हक्क तुम्हाला आहे. पण ज्या बिलात ती रक्कम पहिल्यांदा आली ते निघाल्यापासून 60 दिवसांत बँकेला लेखी कळवावं लागतं. मार्चमध्ये घेतलेलं ऑगस्टचं तिकीट आलंच नाही, तर सामन्याच्या दिवसापर्यंत ही मुदत केव्हाच उलटलेली असते. म्हणून फार आधी घेतलेलं तिकीट पन्नास दिवसांत खात्यात आलं की नाही, याची आठवण फोनमध्ये लावून ठेवा.

पाऊस आला तर

ऑफिसात अमेरिकन सहकारी जेवायला येणं जमत नसलं की "रेनचेक" घेतो म्हणतो. हा शब्द एकोणिसाव्या शतकातल्या बेसबॉलच्या तिकिटावरून आला. सामना पावसाने बुडाला तर त्याच तुकड्यावर पुन्हा आत सोडत. आजही तोच नियम आहे, फक्त त्यातली एक अट बहुतेकांना ठाऊक नसते.

एका जुलै महिन्यात सांगलीहून आलेल्या मावशी-काकांना मी सामन्याला नेलं होतं. पाचवी इनिंग संपली, पाहुणा संघ दोन धावांनी पुढे होता, आणि वीज चमकली. पंधरा-वीस माणसं धावत आली आणि त्यांनी भलीमोठी ताडपत्री ओढत आख्खं इनफिल्ड झाकलं. काका उभे राहून ते बघतच राहिले. आम्ही छताखाली दोन तास काढले. शेवटी सामना थांबवल्याची घोषणा झाली आणि मी खुशाल समजून चाललो होतो की आता दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळेल. खिडकीवरच्या मुलीने शांतपणे सांगितलं की पाच इनिंग झाल्या, सामना पूर्ण धरला जातो. तिचं बरोबर होतं. मला नियम माहीत नव्हता.

तर नियम असा:

- पाच इनिंग झाल्या, किंवा घरचा संघ पुढे असेल तर साडेचार, की सामना अधिकृत ठरतो. त्यानंतर तो तिथेच संपवला तर सहसा पैसे किंवा नवं तिकीट मिळत नाही.
- त्याआधीच त्या दिवसाचा खेळ थांबला तर तिकीट सहसा पुढच्या तारखेला चालतं. नेमकं काय करायचं ते क्लबनुसार बदलतं, म्हणून तिकीट फेकू नका आणि ॲपमधून काढून टाकू नका.
- सामना सुरू करायचा की नाही हे घरचा क्लब ठरवतो. पण दोन्ही संघांच्या खेळाडूंच्या याद्या पंचांच्या हाती गेल्या की निर्णय पंचांचा. त्यामुळे दुपारी अंदाज वाईट असेल तर क्लबची घोषणा पाहूनच घरातून निघा.
- बुडालेला सामना नंतर "डबलहेडर" म्हणून, एकाच दिवशी दोन सामने असा खेळवला जातो. कधी एका तिकिटात दोन्ही पाहता येतात, कधी मधे स्टेडियम रिकामं करून दुसऱ्यासाठी वेगळं तिकीट लागतं. हे आधी विचारा.

पाहुण्यांना एकच दिवस मोकळा असेल आणि धोका पत्करायचा नसेल, तर सरकतं छत असलेलं मैदान निवडा. सिॲटल, मिलवॉकी, ह्यूस्टन, फीनिक्स, मायामी, आर्लिंग्टन आणि टोरोंटो इथे ते आहे.

जागा निवडताना: ऊन, खांब, चेंडू

बहुतेक मैदानं अशी आखलेली असतात की मावळतीचं ऊन फलंदाजाच्या डोळ्यांत जाऊ नये. त्यामुळे संध्याकाळच्या सामन्यात तिसऱ्या बेसकडची बाजू बऱ्याच ठिकाणी लवकर सावलीत येते आणि पहिल्या बेसकडचे व उजव्या कोपऱ्यातले लोक डोळ्यांवर हात धरून बसतात. हे सगळीकडे लागू नाही, म्हणून नकाशा पाहून पश्चिम कुठे आहे ते बघा. बॉस्टनचं फेनवे 1912 चं आणि शिकागोचं रिगली 1914 चं. या दोन्ही ठिकाणी छताला आधार देणारे खांब काही खुर्च्यांच्या बरोबर पुढे येतात. स्वस्त तिकीट दिसलं की वर्णनात "अडलेलं दृश्य" असं काही लिहिलंय का, ते वाचा.

आता गंभीर गोष्ट. बाजूला उडालेला फाऊल चेंडू ताशी 100 मैलांच्या वर वेगाने प्रेक्षकांत येऊ शकतो. 2018 च्या हंगामापासून सर्व 30 मैदानांवर जाळी किमान डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बाकांच्या, टोकापर्यंत आहे, आणि 2019 च्या शेवटी ती आणखी पुढे नेण्याचं ठरलं. तरी जाळीबाहेरच्या पुढच्या रांगांत लहान मुलं किंवा वृद्ध घेऊन बसू नका. जाळीमागे बसलात तर ती तीन-चार मिनिटांत डोळ्यांना दिसेनाशी होते, माझा अनुभव आहे.

यात कायदा प्रेक्षकाच्या बाजूचा नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. क्लबने धोक्याच्या भागात पुरेशी जाळीमागची जागा ठेवली असेल तर चेंडू लागल्याची जबाबदारी सहसा त्याच्यावर येत नाही, असं इथली न्यायालयं शंभरहून अधिक वर्षं म्हणत आली आहेत. न्यू जर्सीने तर 2006 मध्ये तसा कायदाच केला, इलिनॉयमध्येही आहे. म्हणून लागलंच तर लगेच प्रथमोपचार केंद्रात जा, घटनेची लेखी नोंद करून तिची प्रत मागा, जागेचे आणि जाळीचे फोटो काढा, आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. दावा करायचा असेल तर राज्याची मुदत वकिलाकडून लवकर समजून घ्या.

आई-बाबांना नेताना

गुडघेदुखीमुळे घरी ठेवू नका. अपंगत्वविषयक केंद्रीय कायदा भारतातून फिरायला आलेल्यांनाही लागू आहे, नागरिकत्वाचा प्रश्न येत नाही. ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत त्यांच्यासाठी राखीव जागा असतात, आणि:

- अशी एक जागा घेताना तिच्या शेजारच्या तीनपर्यंत जागा सोबतच्यांसाठी घेता येतात, उपलब्ध असतील तर.
- त्याच भागातल्या इतर जागांपेक्षा जास्त पैसे मागता येत नाहीत.
- अपंगत्वाचा दाखला मागता येत नाही. गरज आहे एवढं तुम्ही सांगणं पुरे.

साधं तिकीट आधीच घेतलं असेल तरी दारातच मदत कक्षाला विचारा. रिकामी राखीव जागा असली तर बऱ्याचदा बदलून देतात. व्हीलचेअरने जागेपर्यंत सोडण्याची सोयही अनेक मैदानांवर असते. आणि सामना किती वेळ चालणार याची काळजी आता कमी झाली आहे. 2021 मध्ये नऊ इनिंगला सरासरी 3 तास 10 मिनिटं लागत. 2023 मध्ये पिचरवर घड्याळ लावल्यापासून ते 2 तास 40 मिनिटांवर आलं.

पिशवी आणि पोट

पिशवी साधारण 16 × 16 × 8 इंचांपर्यंत चालते, पण पाठीवरच्या सॅकला अनेक ठिकाणी बंदी आहे आणि काही मैदानांवर पारदर्शकच पिशवी लागते. गेटवर सॅक नाकारली तर गाडीपर्यंत परत जाण्यात पहिल्या दोन इनिंग जातात. बाहेर सशुल्क लॉकर असतीलच असं नाही.

घरचं खाणं मात्र बऱ्याच मैदानांवर नेता येतं. यांकी स्टेडियमवर चालतं. थेपले, तिखटमिठाच्या पुऱ्या, इडल्या असं कोरडं खाणं पारदर्शक पिशवीत न्या, आणि पाण्याची सीलबंद बाटली. काच आणि कॅन चालत नाहीत. हॉटडॉग घेण्याआधी विचारा, कारण बरेचसे गोमांसाचे असतात आणि फलकावर ते नेहमी ठळक लिहिलेलं नसतं. शाकाहारी मंडळींना प्रेट्झेल, पॉपकॉर्न, शेंगा आहेतच. नाचोजवरचं चीज कशासोबत शिजतं, ते विचारून घ्या. आणि रोख पैसे बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. आई-बाबांकडे कार्ड नसेल तर त्यांना एकटं रांगेत पाठवू नका.

शेजारचा प्रेक्षक

दारू पिऊन त्रास देणारा, उभा राहून दृश्य अडवणारा, शिवीगाळ करणारा भेटला तर त्याच्याशी वाद घालू नका. जवळजवळ प्रत्येक मैदानावर मेसेज पाठवून तक्रार करायचा क्रमांक असतो. खुर्चीच्या पाठीवर किंवा ॲपमध्ये सापडतो. भागाचा आणि रांगेचा क्रमांक पाठवा, कर्मचारी येतो आणि तक्रार कुणाची ते सांगत नाही. आपल्या बाजूनेही एक पाळा: खायला उठायचं असेल तर फलंदाजाची पाळी संपेपर्यंत थांबा. आणि मैदानात हात घालून चालू चेंडूला स्पर्श करू नका. बाहेर काढतात, तेही संघाचं नुकसान झाल्यावर.

जाणं-येणं

शक्य तिथे गाडी टाळा. पार्किंगचे पैसे कधीकधी तिकिटाइतके होतात आणि सामन्यानंतर बाहेर पडायलाच पाऊण तास लागतो. यांकी स्टेडियमला 4, बी आणि डी गाड्या 161 स्ट्रीटवर, मेट्सला 7 नंबर, रिगलीला रेड लाइनवरचं ॲडिसन. बॉस्टनमध्ये नवखे लोक नावावरून फेनवे स्टेशनवर उतरतात. जवळचं केनमोर आहे. लॉस एंजेलिसमध्ये सामन्याचं तिकीट दाखवलं की युनियन स्टेशनहून डॉजर स्टेडियमची बस फुकट.

लहान मुलं असतील तर आधी मायनर लीग

पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबाला मी मेजर लीग सुचवत नाही. ब्रिजवॉटरला सॉमरसेट पॅट्रियट्सचं मैदान आहे. हा 2021 पासून यांकीजचा दुय्यम संघ, म्हणजे उद्या न्यू यॉर्कला दिसणारी पोरं आज इथे खेळतात. न्यू जर्सी ट्रान्झिटचं स्टेशन मैदानाला लागूनच आहे, तिकीट परवडतं, आणि कुठेही बसलात तरी पिचरचा चेहरा दिसतो. ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात सकाळी दर्शन आणि दुपारी सामना असा रविवार इथली कितीतरी मराठी घरं काढतात. मायनर लीगमध्ये रविवारी बऱ्याच ठिकाणी सामना संपल्यावर मुलांना मैदानात सोडून चारही बेसवरून पळू देतात. त्याची रांग शेवटच्या इनिंगच्या आधीच लागू लागते, तेव्हा आठवी संपली की मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधून उठा.